संध्याकाळची सायकल

दिवसभर कचेरीत किंवा दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्यांना संध्याकाळी अंग जड वाटते. हा थकवा बऱ्याचदा श्रमाचा नसतो, एका जागी बसून आखडल्याचा असतो. त्यावर पलंग हा उपाय नव्हे.

राजापूरकरांनी अशा वेळी धोपेश्वरच्या किंवा उन्हाळे गावाच्या वाटेने सायकल काढावी. मांड्यांचे मोठे स्नायू हलू लागले की ते रक्तातील साखर ओढून घेतात, तीही इन्शुलिनची फारशी वाट न पाहता. म्हणून मधुमेहींना ही रपेट विशेष लाभदायक. मात्र इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी. दरदरून घाम व थरथर सुटल्यास थांबून ती लगेच खावी.

सायकलवर शरीराचे बरेचसे वजन सीट पेलते, त्यामुळे गुडघ्यांवर भार कमी येतो. पण सीट बुटकी असेल तर गुडघे दुखणारच. पायडल अगदी खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. (मुलाची सायकल घेऊन निघणाऱ्या वडिलांनी हे आधी पाहावे!)

आपल्याकडे चढ फार. बोलता येईल इतपतच दम लागू द्यावा. पुढे उतरून सायकल हाती धरावी, त्यात कमीपणा कसला? छातीत दाब किंवा हातात कळ आल्यास मात्र तिथेच थांबून डॉक्टरांना गाठावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे. अर्ध्या तासाच्या पाच फेऱ्यांत तो होतो. परतताना अंधार पडतो, तेव्हा दिवा हवाच. पावसाळ्यात ओले ब्रेक उशिरा लागतात. उतारावर ते आधीपासूनच हलके दाबत यावे.