इस्टेट एजंटाचे संकेतस्थळ : उपयुक्त मजकूर शोधावा कोठे?
(काशीतील मुन्शी घाटाच्या उदाहरणाने)

'घर पाहावे बांधून' ही म्हण रूढ झाली त्या काळी घराची पारख गावातील जाणत्या माणसांना विचारून होत असे. आज घराचा शोध बहुधा संगणकाच्या वा मोबाइलच्या पडद्यावर सुरू होतो. त्यामुळे आपलेही एक संकेतस्थळ असावे, असे प्रत्येक इस्टेट एजंटाला वाटणे स्वाभाविक आहे. संकेतस्थळ उभारणे फारसे कठीण नाही. त्यावर लिहावे काय, हा खरा प्रश्न असतो. 'प्रशस्त खोल्या, रम्य परिसर, बाजार हाकेच्या अंतरावर' अशी तीच ती वाक्ये सर्वत्र आढळतात. ती वाचून ग्राहकाच्या ज्ञानात कसलीही भर पडत नाही.

उपयुक्त मजकूर इतरांच्या संकेतस्थळांवरून उचलून मिळत नाही. तो ग्राहकाच्या प्रश्नांत, सरकारी दप्तरांत आणि प्रत्यक्ष जागेवर असतो. हा शोध कसा घ्यावा, हे एका जागेच्या उदाहरणाने पाहू.

अभ्यासासाठी एक जागा

समजा, नागपूरच्या एका निवृत्त दांपत्याला काशीत गंगाकाठी लहानसे घर घ्यावयाचे आहे. मुन्शी घाटामागील गल्लीतील एक जुने घर त्यांच्या पसंतीस उतरले आहे. निवृत्तीनंतर मिळालेली रक्कम आणि थोडे कर्ज, अशी त्यांची जुळवाजुळव आहे. वाराणसीतील एखाद्या एजंटाला अशा मराठी ग्राहकांसाठी आपल्या संकेतस्थळावर माहिती द्यावयाची झाल्यास त्याने प्रारंभ कोठून करावा?

इतिहास : मोहक, परंतु पडताळून

पहिला मोह होतो तो इतिहासाचा. मुन्शी घाट दरभंगा घाटाला लागून आहे. उत्तरेस अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा घाट आणि त्यापलीकडे थोड्याच अंतरावर दशाश्वमेध घाट आहे. श्रीधर नारायण मुन्शी यांच्यावरून या घाटाला नाव मिळाले. येथवर सारे जुळते. पुढे मात्र परिचयपर लेखनात दोन वृत्तान्त आढळतात. एका वृत्तान्तानुसार मुन्शी हे नागपूर राज्याचे मंत्री होते, घाटावरील वाड्याचे बांधकाम १८१२ मधले आणि १९१५ मध्ये तो दरभंग्याच्या राजघराण्याकडे आला. दुसऱ्या वृत्तान्तात मुन्शी हे दरभंगा संस्थानाचेच अर्थमंत्री ठरतात आणि घाटाच्या उभारणीचे वर्ष १९१२ दिले जाते. राज्य वेगळे आणि वर्षात शंभरांचा फरक!

नागपूरकर ग्राहकाला पहिला वृत्तान्त अधिक भावेल, हे उघड आहे. म्हणून तेवढाच उचलून 'नागपूरच्या मंत्र्याने बांधलेल्या घाटावर आपले घर' अशी जाहिरात करणे सोपे आहे. प्रामाणिक एजंट मात्र दोन्ही वृत्तान्त देईल आणि विक्रीच्या घराचा इतिहास त्याच्या दस्तांवरूनच ठरतो, हेही सांगेल. ज्या प्रसिद्ध वास्तूबद्दल इतके लिहिले गेले, तिच्याही बाबतीत ऐकीव माहितीत एवढे अंतर पडते. मग गल्लीतील अनामिक घराच्या 'वडिलोपार्जित' मालकीविषयी केवळ तोंडी शब्दावर कितपत विसंबावे?

पाणी, पायऱ्या आणि वाट

दुसरा स्रोत म्हणजे प्रत्यक्ष जागा. छायाचित्रात गंगा नेहमी शांत दिसते. पावसाळ्यातील गंगा वेगळी असते. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर असून सप्टेंबर १९७८ मध्ये पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. मोठ्या पुरात घाटांचा परस्परसंपर्क तुटतो आणि दशाश्वमेधची आरती छतावर करावी लागते. केंद्रीय जल आयोग नदीच्या पातळीची नोंद ठेवतो. घराचे जोते कोणत्या उंचीवर आहे आणि मागील मोठ्या पुरांत पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते, ही माहिती एजंटाने शेजाऱ्यांना विचारून आणि मोजून घेतली, तर तिचे मोल दहा रंगीत छायाचित्रांहून अधिक ठरेल.

त्याचप्रमाणे गोदौलिया चौकापासून घरापर्यंत पायी किती मिनिटे लागतात, रुग्णवाहिका कोठपर्यंत येऊ शकते, किती पायऱ्या चढाव्या लागतात, हेही लिहावे. सत्तरीकडे झुकलेल्या दांपत्याला 'गंगादर्शन' या शब्दाइतकीच या उत्तरांची गरज असते.

बांधकामाचे निर्बंधही येथेच सांगावेत. वाराणसीत गंगाकाठापासून २०० मीटरच्या पट्ट्यात नव्या बांधकामावर निर्बंध आहेत. त्यामुळे 'घर घेऊन वर एक मजला चढवू' असा विचार करणाऱ्याने आधी विकास प्राधिकरणाकडे चौकशी करणे अगत्याचे आहे.

कागदपत्रांचे दालन

तिसरा आणि सर्वांत मोलाचा स्रोत म्हणजे दस्तऐवज. मराठी ग्राहकाला खरेदीखत, फेरफार, सात-बारा, मिळकतपत्रिका हे शब्द परिचित असतात. उत्तर प्रदेशात त्याच्या कानी बैनामा, दाखिल-खारिज, खतौनी असे शब्द पडतात. बैनामा म्हणजे खरेदीखत आणि दाखिल-खारिज म्हणजे नावाची नोंद बदलणे, एवढा लहानसा शब्दार्थकोश संकेतस्थळावर दिला तरी ग्राहकाची भीड चेपते.

त्यासोबत काही कायदेशीर गोष्टी सोप्या भाषेत मांडता येतील. केवळ साठेकराराने मालकी मिळत नाही, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच नमूद आहे. निव्वळ कुलमुखत्यारपत्राच्या आधारे झालेली 'विक्री' मालकी देत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला. नगरपालिकेच्या करपावतीवर नाव असणे हा मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. तीर्थक्षेत्रातील जुन्या घरांबाबत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. अशी काही घरे देवस्थानाच्या वा न्यासाच्या नावे असतात; तेथे राहणारा मालक नसून केवळ व्यवस्थापक वा भाडेकरू असू शकतो. घराला अनेक वारस असतील, तर सर्वांची संमती आवश्यक ठरते.

कायद्याची चौकट

स्थावर मालमत्ता (नियमन आणि विकास) कायदा, २०१६ म्हणजेच 'रेरा' यानुसार नोंदणीकृत प्रकल्पातील घरांची मध्यस्थी करणाऱ्या एजंटाला स्वतःची नोंदणी करावी लागते. नोंदणीस पात्र प्रकल्प अनोंदणीकृत असेल, तर त्यातील विक्रीस त्याला साहाय्य करता येत नाही. महाराष्ट्रात २०२३ पासून एजंटांसाठी प्रशिक्षण व परीक्षाही बंधनकारक झाली, तसेच प्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोड देणे आवश्यक ठरले. 'चटई क्षेत्र' या शब्दाची व्याख्याही या कायद्याने निश्चित केली आहे. बाह्य भिंती, बाल्कनी आणि गच्ची त्यात येत नाहीत. घरातील आतल्या भिंती मात्र येतात. क्षेत्रफळ सांगताना हाच अर्थ पाळला, तर पुढील वाद टळतात.

मुन्शी घाटामागील जुन्या घराची पुनर्विक्री मात्र सामान्यतः या कायद्याच्या प्रकल्प-नोंदणीत येत नाही. त्यामुळे नोंदणी क्रमांक टाकून सर्व माहिती पाहण्याची सोय येथे नसते. अशा वेळी एजंटाने जमविलेली माहिती हाच ग्राहकाचा पहिला आधार असतो आणि एजंटाची जबाबदारी तितकीच वाढते.

बँकेच्या नजरेतून

बँक घराच्या सौंदर्याआधी त्याचे हक्कपत्र पाहते. बँकेचे वकील मालकीची साखळी अनेक वर्षे मागे जाऊन तपासतात, मूल्यांकनकार घराची किंमत ठरवितो आणि त्या मालमत्तेवर अन्य कर्जाचा बोजा आहे काय, हे पाहिले जाते. २०११ साली सुरू झालेल्या 'सरसाई' या केंद्रीय नोंदणीत तारणांची माहिती शुल्क भरून कोणालाही शोधता येते. कर्ज किती मिळेल यालाही मर्यादा आहे. रिझर्व्ह बँकेच्या निकषांनुसार ३० लाख रुपयांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या कमाल ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के रक्कम देता येते. मुद्रांक शुल्क व नोंदणी खर्च सामान्यतः या मूल्यात धरला जात नाही.

ही माहिती आधी न मिळाल्यास काय घडते? ग्राहक उत्साहाने विसार देतो, नंतर हक्कपत्रातील उणीव उघड होते, कर्ज नामंजूर होते आणि आयुष्यभराच्या बचतीतील मोठी रक्कम अडकून पडते. म्हणून 'विसार देण्यापूर्वी कागदपत्रांच्या प्रती बँकेला दाखवा' हे वाक्य संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर असावे. त्यामुळे एखादा व्यवहार लांबेल, परंतु एजंटाचे नाव टिकेल.

तारीख, स्रोत आणि स्वतःचे छायाचित्र

शेवटी तीन पथ्ये. पहिले, मुद्रांक शुल्क, व्याजदर, बांधकामाचे नियम यांसारखी माहिती बदलत असते; प्रत्येक नोंदीखाली ती कोणत्या दिवशी तपासली, हे लिहावे. दुसरे, माहिती कोणत्या कार्यालयातून वा दस्तावरून घेतली, ते सांगावे म्हणजे ग्राहक स्वतः पडताळू शकेल. तिसरे, दुसऱ्याची छायाचित्रे व लेखन परवानगीवाचून वापरू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा तो भंग तर होतोच, शिवाय दुसऱ्या घराचे छायाचित्र दाखविल्याने ग्राहकाचीही दिशाभूल होते.

अशा संकेतस्थळासाठी मोठा खर्च लागत नाही. महिनाभरात ग्राहकांनी विचारलेले प्रश्न एका वहीत उतरवून घ्यावेत आणि प्रत्येकाचे उत्तर जागेवर जाऊन वा दप्तर पाहून शोधावे. वहीतील पाने भरत जातील तसे संकेतस्थळही समृद्ध होईल. मुन्शी घाटावरील सूर्योदय कोणीही दाखवील. पुरात पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते आणि घराचे खरेदीखत कोणाच्या नावे आहे, हे सांगणारा एजंटच ग्राहकाच्या आणि बँकेच्याही विश्वासास पात्र ठरतो.