आभाळ कोरडं, तरी नदी चढते

मनावर गावातल्या आम्हा पोहणाऱ्यांना कयाकचं वेड लागलं ते सहस्रधारेमुळे. महेश्वरच्या घाटांच्या थोडं खाली नर्मदा काळ्या खडकांत असंख्य धारांनी फुटते. फेब्रुवारी 2023मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धांतली होड्यांची स्लॅलम शर्यत तिथेच झाली. पोरं त्या धारांतून सुळकन निघताना पाहिली की वाटतं, यात काय अवघड! अवघड आहे ती धार नव्हे, पाण्याची पातळी.

मार्चअखेरची दुपार. आभाळात ढगाचा ठिपका नाही. मधल्या खडकावर कयाक ओढून मी बसलो होतो. पायाशी शेवाळाची हिरवी पट्टी उघडी होती, ती बघता बघता बुडाली. मागोमाग करवंट्या, काटक्या, निर्माल्य वाहत आलं. काठावरून केवट ओरडला, "भैया, पानी छोड़ा है, निकलो!" निघालो, तर कयाक आडवी होऊन खडकाला चिकटली. अशा वेळी अंग खडकापासून लांब पळू बघतं. तसं केलं की वरच्या बाजूने पाणी चढतं आणि होडी उलटते. खडकाकडेच झुकायचं, अगदी मिठी मारल्यासारखं. तसाच झुकून, हाताने रेटत सुटलो.

वर ओंकारेश्वरचं धरण, त्याच्याही वर इंदिरा सागर. विजेची मागणी वाढली की टर्बाइन फिरतात आणि ते पाणी मागाहून खाली पोचतं. देवास जिल्ह्यात धाराजीला 7 एप्रिल 2005च्या रात्री भूतडी अमावास्येच्या स्नानाला जमलेली माणसं इंदिरा सागरातून सोडलेल्या पाण्यात सापडली. साठाहून अधिक दगावली. एप्रिल काही पुराचा महिना नव्हे.

म्हणून मोबाइलवर हवामान बघून उतरू नका, आधी केवटांना विचारा. काठाचा एखादा दगड हेरून ठेवा. तो बुडू लागला की सामान राहू द्या, बाहेर या. मधल्या खडकावर डबा उघडून तर बसूच नका. उलटलात तर वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही, पाय फटीत अडकतो. उताणे व्हा, पाय पुढे आणि वर ठेवा. हेल्मेट हवंच. आणि लाइफ जॅकेट फोटोपुरतं आवळून मग उकडतं म्हणून सैल करणारे बरेच भेटतात. सैल जॅकेट पाण्यात गळ्याशी येतं, माणूस खालून निसटतो.