एकत्र वाचन : संगणक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

संगणकाचे शिक्षण घेणारी आपली अनेक मुले-मुली एकच अडचण सांगतात. पुस्तक इंग्रजीत असते. पहिली वीस-पंचवीस पाने कळतात, पुढे एका ठिकाणी गाडी अडते आणि पुस्तक मिटून कपाटात जाते. घरात विचारावे असे कोणी नसते. मग 'हा विषय आपल्या डोक्याचा नाही' असा निकाल विद्यार्थी स्वतःच स्वतःविरुद्ध देऊन मोकळा होतो. हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो, हेच प्रस्तुत लेखात आम्हाला सांगायचे आहे.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर, बँकेत लिपिक. प्रोग्राम लिहिण्याची तोंडओळख आम्हाला नोकरीत लागल्यावर झाली. तीही एकट्याने नव्हे, तर सुटीच्या दिवशी चार सहकाऱ्यांबरोबर एकच पुस्तक वाचताना. त्यामुळे एकत्र वाचनाचे मोल आम्ही अनुभवाने जाणतो. परंतु आमच्यापेक्षा फार मोठे उदाहरण संगणकाच्या इतिहासातच आहे. ते आधी पाहू.

संगणकातील इतर सर्व प्रोग्रामांना जागा व वेळ वाटून देणारा जो मुख्य कारभारी प्रोग्राम असतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 'युनिक्स' नावाची अशी सिस्टीम तयार केली. तिची सहावी आवृत्ती १९७५ साली निघाली. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे प्राध्यापक होते. विद्यार्थ्यांना ऑपरेटिंग सिस्टीमचे नुसते वर्णन शिकवण्यापेक्षा खरी सिस्टीमच वाचायला द्यावी, असे त्यांनी ठरवले. १९७६-७७ मध्ये त्यांनी दोन पुस्तिका तयार केल्या. एकीत युनिक्सच्या गाभ्याच्या सुमारे ९,००० ओळी आणि दुसरीत त्यांवरील भाष्य.

लायन्स यांनी आणखी एक साधी पण फार उपयोगी गोष्ट केली. प्रत्येक ओळीला त्यांनी क्रमांक दिला. क्रमांकाचे पहिले दोन आकडे पानाचे, पुढचे दोन त्या पानावरील ओळीचे. त्यामुळे दहा जण बसले तरी सर्वांचे बोट एकाच ओळीवर ठेवता येई.

यातील २२३८ क्रमांकाची ओळ पुढे जगभर प्रसिद्ध झाली. तेथे मूळ लेखकांनी, वाचकाने हे समजून घ्यावे अशी अपेक्षा नाही, अशा अर्थाची टीप लिहिलेली होती. प्रसंग असा की, संगणक एक काम अर्धवट ठेवून दुसरे हाती घेतो. काउंटरवर एका ग्राहकाचा अर्ज अर्धा भरून बाजूला ठेवावा आणि दुसऱ्याचा घ्यावा, तसेच हे. पहिल्याकडे परत येताना नेमके कुठे थांबलो होतो ते ठाऊक असावे लागते. ते कसे साधले, हाच त्या ठिकाणचा अवघड भाग होता.

ही टीप वाचून अनेकांना वाटले की लेखक वाचकाला हिणवत आहेत. रिची यांनी पुढे खुलासा केला. 'हे परीक्षेला येणार नाही' एवढ्याच अर्थाने ती टीप होती. आणि खरी गोष्ट अशी की, तेथे काय चालले आहे ते त्या वेळी आम्हालाही पुरते कळले नव्हते, अशी प्रांजळ कबुलीही त्यांनी दिली. युनिक्स दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेताना ती युक्ती चालेना व बदलावी लागली. मित्रांनो, ही गोष्ट मनात कोरून ठेवा. जे आपल्याला कळत नाही, ते कधी कधी लिहिणाऱ्यालाही कळलेले नसते. म्हणून न समजणे ही लाजेची बाब नाही. न विचारणे ही मात्र हानीची बाब आहे.

१९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती आली, तेव्हा कंपनीने परवान्याच्या अटी कडक केल्या. मूळ प्रोग्राम वर्गात शिकवण्यास बंदी आली. लायन्स यांच्या पुस्तिका उघडपणे मिळेनाशा झाल्या. पण वाचन थांबले नाही. झेरॉक्सवरून झेरॉक्स, तिच्यावरून पुन्हा झेरॉक्स, अशा पुसट प्रती हातोहात फिरल्या. आपल्यातल्या एकाने रात्रभर यंत्राजवळ थांबून नवी प्रत काढली आणि आम्ही एक अख्खी सिस्टीम वाचली, अशी आठवण एका विद्यार्थ्याने पुढे लिहून ठेवली आहे. पुस्तक रीतसर छापले गेले ते १९९६ साली, लायन्स यांच्या मृत्यूच्या दोन वर्षे आधी.

ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाम यांनी या बंदीवर निराळा उपाय काढला. विद्यार्थ्यांना वाचता यावी म्हणून त्यांनी 'मिनिक्स' ही स्वतःची सिस्टीम लिहिली आणि १९८७ साली पुस्तकासह प्रसिद्ध केली. ते पुस्तक फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने वाचले आणि १९९१ साली 'लिनक्स' जन्माला आले. आज लिनक्सची ओळ न् ओळ कोणालाही फुकट वाचता येते. म्हणजे आता दार उघडे आहे. उणीव आहे ती सोबत बसणाऱ्यांची.

अभ्यासगट कसा चालवावा?

१. पाच ते सात जण पुरेत. जास्त झाले की काही जण फक्त श्रोते होतात.

२. पुस्तक एकच आणि आवृत्तीही एकच असावी, म्हणजे पान व ओळ सांगताना घोळ होत नाही. 'सी' भाषा शिकायची तर कर्निहान व रिची यांचे पुस्तक आहे. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' आपल्या विद्यार्थ्यांना अधिक सोपे जाईल.

३. आठवड्याला दहा-बारा पानेच घ्यावीत. ती घरून वाचून यावे आणि जे कळले नाही त्यावर पेन्सिलने खूण करावी. खूण न करता आलेला वाचून आला नाही असे समजावे.

४. समजावून सांगण्याची पाळी प्रत्येकावर यावी. जो बुजरा आहे त्याची पाळी तर मुळीच चुकवू नये. तो मराठीत बोलला तरी चालेल. विषय कळला की इंग्रजी शब्द आपोआप अंगवळणी पडतात.

५. पहिला अर्धा तास फक्त प्रश्नांचा. प्रश्नाला कोणी हसायचे नाही, हा नियम कडक पाळावा.

६. प्रोग्राम चालवण्यापूर्वी उत्तर काय येईल ते प्रत्येकाने कागदावर लिहावे.

या सहाव्या नियमाचे एक उदाहरण देतो. आमच्या गटात 'सी' भाषेत व्याज काढायचे होते. एक हजार रुपये, दर शेकडा पाच. सूत्र लिहिले : १००० × (५ / १००). सर्वांनी कागदावर ५० लिहिले. संगणकाने उत्तर दिले शून्य! आयुष्य व्याज मोजण्यात गेलेले आम्ही पाचही जण अवाक् झालो. आमच्यातला सर्वांत कमी बोलणारा शिपाई मित्र म्हणाला, "साहेब, पैसे टाकून फक्त रुपये मोजले असतील त्याने." तेच खरे निघाले. दोन पूर्णांकांचा भागाकार केला की 'सी' भाषा अपूर्णांक सोडून देते. ५ भागिले १०० म्हणजे शून्य पूर्णांक शून्य पाच, त्यातले उरले शून्य. सूत्र (१००० × ५) / १०० असे लिहिले तेव्हा ५० आले. शंभरऐवजी १००.० लिहिले तरी अपूर्णांक टिकतो. एकटे असतो तर पुस्तकात चूक आहे म्हणून किंवा आपणच चुकलो म्हणून सोडून दिले असते.

७. एक वही ठेवावी. प्रश्न, कोणी विचारला, उत्तर काय निघाले, हे तारखेसह लिहावे. पुढच्या वर्षीच्या मुलांना ही वही कोणत्याही गाईडपेक्षा उपयोगी पडेल.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. एक टेबल, एक फळा, एक जुना चालू संगणक आणि आठवड्यातले दोन तास पुरतात. संस्थेच्या सभासदांनी जागा द्यावी, विद्यार्थ्यांनी वेळ द्यावा. कपाटात मिटून ठेवलेले पुस्तक या रविवारी बाहेर काढा, ज्या पानावर गाडी अडली होती तेथे खूण करा आणि ते पान घेऊन चौघांत बसा. तुमच्या अभ्यासाची सुरुवात त्याच पानापासून होईल.