काचेतून गाळलेलं ऊन

आमच्या रूमवर मेंबर तीन. मी, माझा पार्टनर आणि त्याने चिंचवडहून आणलेलं कासव, 'बेअरिंग'. जात रेड इअर्ड स्लायडर, मूळ अमेरिकेची. (आपल्याकडचं स्टार कासव पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.)

काचेची टाकी बंद खिडकीपाशी ठेवली होती. सकाळचं ऊन मस्त यायचं. तरीही काही महिन्यांत बेअरिंगची पाठ अंगठ्याने दबायला लागली. डॉक्टर म्हणाले, "मुलांना मुडदूस होतो ना, त्यातलाच प्रकार."

गंमत अशी, की ऊन होतं पण यूव्हीबी नव्हतं! यूव्हीबी म्हणजे २८० ते ३१५ नॅनोमीटरचे अतिनील किरण. त्वचेतलं ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल ते शोषून घेतं, त्याचं प्री-व्हिटॅमिन बनतं आणि अंगाच्या उबेने पुढे व्हिटॅमिन डी-३. ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम नीट अंगी लागत नाही, मग शरीर हाडांतूनच उसनं घेतं. साधी खिडकीची काच उजेड आत सोडते, यूव्हीबी मात्र जवळजवळ सगळं अडवते.

पार्टनरने लगेच जुगाड काढला, "वॉटर प्युरिफायरचा यूव्ही दिवा लावू!" मी हात जोडले. तो दिवा २५४ नॅनोमीटरचा, म्हणजे यूव्हीसी, जंतू मारायचा. कासवाचे आणि आपलेही डोळे भाजतील. चाकणला ट्रेनिंगमध्ये वेल्डिंगकडे उघड्या डोळ्यांनी बघून रात्रभर डोळ्यांत वाळू खुपत होती, तो अनुभव पुरेसा आहे.

शेवटी सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची यूव्हीबी ट्यूब आणली. मध्ये काच-प्लास्टिक नको, अंतर खोक्यावर लिहिलेलं तेवढंच. खाली पाण्याबाहेर कोरडा दगड आणि उबेसाठी वेगळा बल्ब. ट्यूब पेटत राहिली तरी तिचं यूव्हीबी हळूहळू घटतं. म्हणून प्रकारानुसार सहा ते बारा महिन्यांत बदलायची. आम्ही तिच्यावर तारीखच लिहून ठेवलीय, प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स!

शिवाय सकाळी गच्चीवर थोडा वेळ फुकटचं ऊन. काचेच्या टाकीत नाही, ती तापते. पसरट टबात, अर्धी सावली ठेवून, आणि कावळ्या-घारींसाठी आपण शेजारी बसून.

बेअरिंगची पाठ आता टणक होतेय. वाकलेली कड मात्र सरळ होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आणि कंटाळा आला म्हणून त्याला पवनेत किंवा इंद्रायणीत सोडून द्यायची सोय नाही. तिथल्या कासवांच्या जागेवर आणि अन्नावर ते हक्क सांगेल. नीट सांभाळलं तर ते वीस-तीस वर्षं जगतं. आपली डिग्री चार वर्षांची. आणायच्या आधी एवढा हिशोब करा, राव!