गरिबाच्या गाईचे चीज

शेळी म्हणजे गरिबाची गाय. इटली देशात लुईनो नावाचे गाव आहे. आसपास डोंगर आहेत. तिथले लोक शेळ्या पाळतात. दूध लवकर नासते. मग ते काय करतात? चीज करतात. त्याला फॉर्माजेला म्हणतात.

कच्चे दूध कोमट करून साकळवतात. ते बारीक कापून साच्यात भरतात. पाणी निथळते. वरून मीठ चोळतात. मग गार जागी कमीत कमी 20 दिवस मुरू देतात. पाऊण किलोच्या आसपास गोल, घट्ट वडी तयार होते.

यात दूध फक्त शेळीचे हवे. गाईचे थेंबभरही चालत नाही. 2011 साली युरोपात या चीजच्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. भेसळ केली, की नाव गेले! माल चोख, तरच नाव टिकते.