झोपेचा आजार आणि सोबतीची गरज

‘प्रेषितांची कृत्ये’ ह्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात युतुख नावाच्या तरुणाची गोष्ट आहे. त्रोवस गावी संत पौलाचे बोलणे मध्यरात्रीपर्यंत लांबले. खिडकीत बसलेल्या युतुखला गाढ झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांनी उचलले तेव्हा तो मेलेला होता. पौल खाली उतरला, त्याने त्याला कवटाळले आणि लोकांना धीर दिला. पहाटे त्या मुलाला जिवंत घरी नेण्यात आले. लांबलेल्या प्रवचनावर विनोद करण्यासाठी आम्ही धर्मगुरू ही गोष्ट पुष्कळदा सांगतो. पण पौलाने त्या झोपलेल्या मुलाला एका शब्दानेही दोष दिला नाही, हे आमच्या फार उशिरा लक्षात आले.

आम्ही मात्र दोष दिला होता. काही वर्षांपूर्वी दृढीकरणाच्या तयारीच्या वर्गात एक मुलगा दर रविवारी डुलक्या घेत असे. एकदा आम्ही त्याला सर्वांदेखत उभे केले आणि रात्री टीव्ही कमी बघत जा, असे सुनावले. वर्ग हसला. तोही हसू लागला आणि हसता हसता त्याचे गुडघे वाकले व तो बाकावर कोसळला. आम्हाला ते नाटक वाटले. त्याला नार्कोलेप्सी नावाचा आजार आहे आणि हसताना कोसळणे हे त्याच आजाराचे लक्षण आहे, हे पुढे अनेक वर्षांनी त्याच्या आईकडून कळले. आम्ही त्याची क्षमा मागितली. त्याच्याच संमतीने हे लिहीत आहोत.

हा आजार आहे तरी काय?

१८८० साली झेलिनो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी ह्या आजाराला नार्कोलेप्सी हे नाव दिले. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तेथील काही पेशी हायपोक्रेटिन किंवा ओरेक्सिन नावाचे द्रव्य तयार करतात. ते आपल्याला जागे ठेवते. हे द्रव्य १९९८ साली सापडले. हसताना कोसळण्याचे लक्षण असलेल्या रुग्णांच्या मेंदूत त्या पेशी जवळजवळ नष्ट झालेल्या असतात, हे २००० साली दिसून आले. म्हणजे रात्री कितीही झोप घेतली तरी ह्या माणसाला दिवसा अनावर झोप येते. वर्गात, जेवताना, लोकलमध्ये उभ्या उभ्यादेखील येते. काहींना जाग आल्यावर काही क्षण हातपाय हलवता येत नाहीत आणि खोलीत कोणी उभे आहे असे दिसते. मग घरचे लोक बाहेरची बाधा समजून भगताकडे धाव घेतात.

आजार बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होतो. निदान व्हायला मात्र अनेकदा कित्येक वर्षे जातात. मोठ्या रुग्णालयांतील झोप तपासणी केंद्रात रात्रभर झोपेची नोंद घेतात. दुसऱ्या दिवशी दोन-दोन तासांनी झोपण्याची संधी देऊन किती लवकर झोप लागते ते मोजतात. हा आजार पूर्णपणे बरा करणारे औषध अजून नाही. तरी गोळ्या, झोपेची ठरलेली वेळ आणि दिवसा ठरवून घेतलेल्या छोट्या डुलक्या ह्यांनी पुष्कळ आराम पडतो.

मग सोबती कशाला?

साधारण दोन ते चार हजारांत एकाला हा आजार होतो, असे मानतात. म्हणजे पाच-सहा हजारांच्या धर्मग्रामात असे एक-दोघेच असणार. ह्या आजाराचे एकटेपण येथूनच सुरू होते. मधुमेह झाला तर शेजारची मावशी चार अनुभव सांगते. ह्या मुलाला सांगणारे कोणीच नव्हते. शिक्षक आळशी म्हणत, मित्र ‘कुंभकर्ण’ म्हणत आणि शेवटी तो स्वतःलाही आळशी समजू लागला. पुन्हा कोसळू नये म्हणून त्याने हसणेच सोडले. जेथे हसण्याचा संभव, तेथे तो जाईनासा झाला. लग्नघरी नाही, युवकांच्या सहलीला नाही. गोळ्यांनी त्याची झोप आटोक्यात आली, पण लाज गेली नाही.

एक दिवस डॉक्टरांनी दोघांच्याही संमतीने त्याची दुसऱ्या एका रुग्णाशी गाठ घालून दिली. ती बाई नोकरी करणारी, दोन मुलांची आई. तिने विचारले, “तू हसताना भिंतीला टेकतोस का? मी टेकते.” घरी येऊन तो आईला म्हणाला, “मम्मी, मी एकटा नाही.” त्या दिवशी तो खूप वर्षांनी मोकळेपणाने हसला, असे आई सांगते.

जपानमध्ये ह्या रुग्णांनी १९६७ सालीच आपली संघटना उभारली. अमेरिका आणि इंग्लंडमध्येही अशा संस्था आहेत. २०१९ पासून २२ सप्टेंबर हा जागतिक नार्कोलेप्सी दिन पाळला जातो. समदुःखी माणसांनी एकत्र बसण्याचे बळ आपल्याला नवे नाही. १९३५ साली अमेरिकेत दोन मद्यपी माणसांच्या भेटीतून सुरू झालेली ए. ए. ची चळवळ आज कितीतरी चर्चच्या सभागृहांत भरते.

दोष कोणाचा?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला एक भेद शिकवला होता. माणूस जाणून आणि इच्छेने करतो ती ‘मानवी कृती’. माणसाकडून नुसती घडते ती निराळी. जेथे जाणीव आणि संमती नाही, तेथे पाप नाही. परीक्षेत आम्ही हे उत्तर बरोबर लिहिले होते, वर्गात त्या मुलासमोर विसरलो. लहान संत तेरेजासुद्धा प्रार्थनेच्या वेळी वर्षानुवर्षे झोपी जात असे. तिला हा आजार होता असे आमचे म्हणणे नाही. पण मूल जागे असो वा झोपलेले, आईबापांना ते सारखेच प्रिय असते, ह्या विचाराने तिने आपले समाधान करून घेतले. तिला ख्रिस्तसभेने १९९७ साली धर्मपंडिताचा मान दिला.

आपण काय करू शकतो?

१. ज्यांना हा आजार आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे: माझ्यासारखा आणखी कोणी भेटायला तयार आहे का? दोघे जण असले तरी पुरे. महिन्यातून एकदा ठरवून भेटावे किंवा फोनवर बोलावे.

२. भेटीत अनुभव सांगावा, औषध सांगू नये. दुसऱ्याची गोळी घेऊ नये, आपली बंद करू नये. ऐकलेले तेथेच ठेवावे.

३. घरच्यांनीही एखाद्या भेटीला जावे. आईवडिलांनाही सोबत लागते. झोप आटोक्यात आहे असे डॉक्टर म्हणेपर्यंत मोटारसायकल चालवू देऊ नये, बावखलात एकट्याने पोहू देऊ नये.

४. लहान ख्रिस्ती समूहाच्या सभेत अशा माणसाला कडेची खुर्ची द्यावी आणि डुलकी लागली तर लागू द्यावी. मिस्सात कोणी झोपलेला दिसला तर कोपराने ढोसू नये.

अशा भेटीसाठी आमच्या कार्यालयामागची खोली मोकळी आहे. नाव सांगण्याची गरज नाही, चावी मागितली तरी पुरे. येणारे दोघेच असले तरी आम्ही दिवा लावून ठेवू.

चिंतनासाठी: आपण कोणाला ‘आळशी’ म्हणून हिणवले आहे का? त्याच्या घरी ह्या आठवड्यात जाता येईल का?

प्रार्थना: हे प्रभू येशू, गेथशेमाने बागेत तुझे मित्र झोपले तेव्हा तू त्यांचा दुबळेपणा ओळखलास आणि त्यांना टाकले नाहीस. जे जागे राहू शकत नाहीत त्यांना सोबती दे, आणि ते सोबती होण्याची बुद्धी आम्हाला दे. आमेन.