शंटला जंतुसंसर्ग : नुसत्या औषधाने का भागत नाही?

प्रश्न : आमच्या दीड वर्षाच्या नातीच्या मेंदूत पाणी साठत असल्याने दोन महिन्यांपूर्वी शंट (ते पाणी वाहून नेणारी नळी) बसवला. आता ताप आला, तर डॉक्टर शंट काढायला सांगतात. अँटिबायोटिक देऊन तो वाचवता येणार नाही का?

उत्तर : आजी, तुमची घालमेल समजते, पण डॉक्टर योग्य तेच सांगताहेत. शंटचा जंतुसंसर्ग बहुतेकदा त्वचेवरच्या साध्या स्टॅफिलोकॉकस जंतूंमुळे, शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत होतो. हे जंतू नळीच्या आत चिकट थर करून बसतात. विहिरीच्या पायरीवरच्या शेवाळासारखा तो थर. वरून कितीही पाणी ओता, हलत नाही. औषध तिथवर पुरेसे पोचत नाही. नळी तशीच ठेवून केलेले उपचार म्हणूनच बरेचदा फसतात.

रीत अशी : शंट काढायचा, मेंदूतले पाणी तात्पुरत्या नळीने बाहेरच्या पिशवीत सोडायचे आणि शिरेतून औषध द्यायचे. सुरुवातीला सहसा व्हँकोमायसिन आणि जोडीला सेफेपिम किंवा मेरोपेनेम. पाण्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, म्हणजे कल्चरमध्ये, जंतू कळला की त्याप्रमाणे बदल. पाण्याचे कल्चर स्वच्छ आल्यावरही थांबावे लागते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस असेल तर साधारण 10 दिवस, मगच नवा शंट. या मुक्कामात पिशवीची उंची परिचारिकेशिवाय कोणीही बदलू नये, बाळाला उचलून घेण्याआधी तिला बोलवावे.

नवा शंट अँटिबायोटिक मुरवलेला मिळेल का, हे जरूर विचारा. ब्रिटन-आयर्लंडमधल्या 2019 च्या मोठ्या चाचणीत साध्या शंटला सुमारे 6 टक्के, तर अशा शंटला 2 टक्केच संसर्ग आढळला. महाग असतो, पण माझ्या मते परवडत असेल तर घ्यावा.